गुडघ्याएवढा खड्डा

माघ महिन्यात आमच्या तीन गायी व्यायच्या होत्या आणि गोठ्याच्या पूर्वेला शेजाऱ्याचा ऊस अजून उभा होता. आजूबाजूचा सगळा ऊस तुटून कारखान्यात गेला होता. जिकडे पाहावं तिकडे काळी, उघडी जमीन, आणि मधोमध हा एकच हिरवा चौकोन. गोठ्यापासून शंभर पावलांवर. पाटचारीच्या ओल्या कडेला लोकांनी पंजे पाहिले होते. शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याला तो संध्याकाळी आडवा गेला होता. आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. त्या महिन्यात तर तेही म्हणत नव्हते. ‘तो’ म्हणायचे.

आमच्या गायी दुधाच्या नाहीत. वासराचं पोट भरून तांब्याभर उरलं तर चहाला. त्या आम्ही वासरांसाठी पाळतो. गोऱ्हा झाला तर शेतीला, कालवड झाली तर गोठ्याला. त्यामुळे वर्षाची सगळी भिस्त त्या आठ-पंधरा दिवसांवर असते. गोठा माझी फुई सांभाळते. फुई म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन परत आली, तेव्हापासून गायी तिच्याच. कोणती गाय कोणत्या दिवशी व्यायची, हे तिला शेपटीच्या मुळाशी बोट दाबून कळतं.

आणि मी पत्रकांवर वाढलेली. वडील शाळामास्तर होते आणि शाळा सुटली की पत्रकं वाटायचे. अंधश्रद्धेवर, दारूवर, हुंड्यावर, ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेवर. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं यायच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली, जेवताना ताटाखाली तीच असायची. पुढे वडिलांचे डोळे अधू झाले आणि पत्रकं मी लिहायला लागले. जनावरांबद्दलचं पत्रक पूर्ण माझं. त्यात दोन गोष्टी मी ठळक अक्षरांत घातल्या होत्या. एक, वासराला तासाभरात चीक पाजा, वार पडायची वाट पाहू नका. दुसरी, वार झाडाला टांगू नका.

आमच्या गावात गाय व्याली की वार, म्हणजे वासरामागून पडणारी जार, पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं बांधून, वडाच्या उंच फांदीला टांगतात. वडाला चीक असतो, म्हणून गायीलाही दूध येतं, असा समज. वड नदीकाठी, घरापासून बराच लांब. त्याच्या फांद्यांना वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या पुड्या लोंबताना दिसतात. लहानपणापासून मला त्या झाडाची शिसारी होती. पत्रकात मी लिहिलं होतं: ‘ही अंधश्रद्धा आहे. वार कमरेएवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.’

पहिली गाय सकाळी व्याली, काही त्रास न होता. दुपारपर्यंत वार पडली. फुईनं पेंढा काढला तशी मी आडवी आले.

“वडावर नाही जायचं, फुई.”

“मंग काय करू? डोकावर धरू?”

“मी पुरते.”

“तुन्हा बापना कागद वाचीसन गाय व्यास का?” ती म्हणाली. आणि ओट्यावर बसलेल्या माझ्या वडिलांकडे वळली. “भाऊ, तुन्ही पत्रकवाली ऐकी नही ऱ्हायनी.”

वडील हसले. “पुरू दे आक्का. लिहिलंय तिनं, तर करू दे.”

फुईनं वार घमेल्यात टाकून घमेलं माझ्या पायाशी आपटलं. मी जिंकले होते. फावडं आणि टिकाव घेऊन गोठ्याच्या मागे गेले.

आमची जमीन ओली असते तेव्हा लोण्यासारखी आणि वाळली की दगड. टिकाव मारला की ढेकूळ उडायचं, खाली पुन्हा तोच काळा दगड. अर्ध्या तासात हाताला फोड आले. खड्डा माझ्या गुडघ्याला लागला होता. चुना घरात नव्हता, शहाद्याहून आणायचा राहिला होता. ऊन चढलेलं, घमेल्यावर माश्या. मी वार आत टाकली, माती ओढली, पायानं दाबली.

परत आले तेव्हा फुई नव्या वासराचं अंग गोणपाटानं पुसत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “कितलं खंदं?”

“कंबरलोंग,” मी म्हणाले. कमरेपर्यंत.

इतकं सहज म्हणाले की मला स्वतःलाही ते खोटं वाटलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी शेण टाकायला मागे गेले आणि खड्डा उघडा दिसला. माती चारी बाजूंना उडालेली, आत काही नाही. कुत्री असतील, मी मनाशी म्हणाले, आणि म्हणता म्हणता खाली बसले. उकरलेल्या भुसभुशीत मातीत पंजा उमटला होता. माझ्या तळहातापेक्षा थोडा लहान, गोल, चार बोटं, आणि बोटांपुढे नखांच्या टोचण्या नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात, याची आत ओढलेली असतात. वनखात्याच्या पत्रकात चित्र होतं. तेही आमच्याच घरातून वाटलं गेलं होतं.

पंजे गोठ्याच्या भिंतीला लागून गेले होते. जिथे आतल्या बाजूला वासरू बांधलेलं असतं, तिथे ते थांबले होते. तिथली माती जास्त दाबली गेली होती. मग वळून उसाकडे.

तरी मी काय केलं? फावड्यानं सगळे ठसे पुसले. खड्डा बुजवला, वर शेण टाकलं. हात धुऊन चहाला बसले. फुईला सांगायचं तर आधी खड्ड्याची खोली सांगावी लागली असती. ती म्हणाली असती, वडावर टांगली असती तर. आणि मग गावात माझ्या पत्रकाचं एक अक्षर कुणी वाचलं नसतं. असं मी स्वतःला समजावत होते. खरं कारण याहून लहान होतं. मला लाज वाटत होती.

त्यानंतर उसाकडे पाठ करून मी उभी राहिले नाही. वारा आला की पूर्ण चौकोन सळसळायचा आणि थांबायचा, आणि मी त्या थांबण्याकडे कान लावायचे. दिवसाउजेडी विहिरीवर जाताना हातात विळा घ्यायचे. फुई म्हणायची, “काय कापाले चालनी? पानी?”

आता पाळी होती तांबड्या कालवडीची. पहिलारू, पहिलंच वेत. तिची कास ताठली होती, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे पडले होते. फुईची रीत अशी की पहिलारू गाय बांधायची नाही. दावं सोडून गोठ्यासमोरच्या वाड्यात मोकळी ठेवायची, तिला हवी तिथे ती बसते, हवी तशी वळते, वासरू सुटसुटीत येतं. वाड्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, माझ्या छातीएवढं. ज्यानं भिंतीला लागून वास घेतला होता त्याला ते किती वेळ अडवणार?

मी कालवडीला आत नेऊन बांधलं. फुईनं सोडलं. मी पुन्हा बांधलं.

“कसाले बांधस तिले?” फुई भडकली. “बांधेल गाय आडी पडस नि वासरू अडकस. इतलंबी समजत नही का तुले?”

“थंडी आहे.”

“थंडी तुले शे. गायले नही.”

मी दुसरीकडे पाहिलं. तिनं कालवड सोडली.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी आली. धडगावकडची माणसं, दहा-बारा कोयते, उसाची एक ट्रॉली. उसाच्या आणि आमच्या गोठ्याच्या मधल्या पडीक तुकड्यात त्यांनी राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्या, उभारल्या. बायका तोडीला गेल्या की पोरं कोप्यांपाशी राहायची, एक थोरली पोरगी आणि तिच्यावर सोपवलेली चार-पाच धाकटी. या माणसांच्या राहण्याबद्दल, पोरांच्या सुरक्षिततेबद्दल मी स्वतः पत्रक लिहिलं होतं, कारखान्याच्या फाटकावर उभं राहून वाटलं होतं, एका साहेबाशी भांडले होते. आणि आता ओट्यावरून त्या पोरांना पाचटात लोळताना बघत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सकाळी सांगते, म्हणत होते. जेवण झाल्यावर सांगते.

त्यांनी ऊस पलीकडच्या, नदीच्या बाजूनं तोडायला घेतला. दुपारपर्यंत चौकोनाचा पट्टा झाला. म्हणजे आत जे काही होतं ते कोयत्यापुढे सरकत सरकत आमच्या बाजूला येत होतं.

तीनच्या सुमारास कालवडीनं वाड्यात पाण्याची पिशवी फोडली. फुई आधीच तिच्या मागे उकिडवी बसली होती. एक खूर दिसला, पिवळसर, मऊ. मग नाकाचा शेंडा, आणि त्याच्या खाली जिभेचं टोक. दुसरा खूर यायला हवा होता. आला नाही. कालवड कळ देत होती, कण्हत होती, उठत होती, बसत होती. नाक थोडं बाहेर यायचं आणि मागे जायचं.

फुईनं हात घालून पाहिला. तिची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली आहेत. तिनं हात बाहेर काढला. “एक पाय मांगे दुमडेल शे. मन्हा हात जात नही.”

वडिलांनी ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावून फोनचा आवाज मोठा केला. ते धडगावच्या घाटात होते. आवाज तुटत होता. “यायला दोन तास... तोवर ओढू नका... आधी वासरू मागे लोटा... खुरावर तळहात धरा, नाहीतर गर्भपिशवी फाटेल...” आणि फोन बंद.

“हात धू,” फुई मला म्हणाली. “साबन लाय. तुन्हा हात बारीक शे.”

मी बांगड्या काढल्या, कोपराच्या वरपर्यंत साबण लावला, तेल लावलं. वाड्यात गुडघे टेकले. त्याच वेळी कुंपणापलीकडून टोळीच्या मुकादमाची हाक आली.

“ओ मास्तर! बायका पुढं जात नाहीत. म्हणतात, आत काहीतरी गुरगुरतंय. तुम्ही काही पाहिलं का इकडं?”

वडील म्हणाले, “नाही बुवा. आमच्याकडे काही आलं नाही.”

माझा हात कालवडीच्या आत होता, मनगटापर्यंत. गरम, आणि इतकं घट्ट की बोटं हलेनात. बोटांना वासराचं डोकं लागलं, मान लागली, त्याच्या खाली काहीतरी कठीण, गोल. मान वळवली तर पाठीमागे उसाचा पट्टा. त्याच्या आणि माझ्या मध्ये कोप्या. थोरली पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन इकडेच बघत उभी होती. गाय कशी विते ते बघायला ती कुंपणाजवळ आली होती. तिच्या पाठीमागे ऊस हलला. वारा नव्हता.

“फुई,” मी म्हणाले. “खड्डा गुडघालोंगच व्हता. चुना नव्हता. त्यानं उकरला. गोठ्याच्या भिंतीपर्यंत येऊन गेलाय. तीन दिवस झाले.”

वडिलांनी चष्मा काढला. फुईचा चेहरा मला दिसत नव्हता, ती माझ्या मागे होती. मला वाटलं, ती आता मारणार.

ती उभी राहिली आणि कुंपणावरून ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “ओ मुकादम! पोरेस्ले ट्रॉलीवर चढाडा! वाघ शे उसमा! बायास्ले मांगे लया!”

मग खाली बसली. “आते पाय धर. तुले मंग पाहसू.”

पुढचं मी तुकड्यातुकड्यांत ऐकलं. बायकांची धावपळ, ट्रॉलीच्या पत्र्यावर चढणारी पावलं, एका बाईनं आपल्या पोराचं नाव घेऊन मारलेली किंकाळी आणि मग ‘आहे, आहे, इथं आहे.’ कुणीतरी डबे बडवायला लागलं. वडील काठी टेकत कुंपणापाशी गेले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, “डबे नको! घेरू नका! नदीची बाजू पूर्ण मोकळी सोडा. सगळे इकडे या. त्याला जायला वाट द्या.” हेही वनखात्याच्या पत्रकातलंच होतं. यावेळी ते वाचणाऱ्यानं पाळलं.

“काय लागस हातले?” फुई.

“गोल. कठीण.”

“गुडघा शे. लोट मांगे. ती कळ देई तवय थांब. कळ गयी का लोट.”

कळ आली की कालवडीचं हाड माझ्या मनगटावर दाबायचं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. कळ गेली की मी लोटायचे. वासरू बोटभर मागे सरकायचं. तिसऱ्या वेळी गुडघ्याच्या खाली बोटं गेली, नळी लागली, मग खूर. मी तो तळहातात झाकून घेतला. लहान वाटीएवढा होता. हळूहळू वळवत पुढे आणला. तो माझ्या हातात एकदा हलला. स्वतःहून. वासरू जिवंत आहे, मी म्हणाले, की नुसतं मनात म्हणाले, आठवत नाही.

“आते दोनी पाय. खाले वढ. तिनी कळसंगेच.”

वासरू एकदम आलं, माझ्या मांडीवर, पाण्यासकट. गोऱ्हा. जीभ निळी, मान लुळी. श्वास नाही. फुईनं त्याच्या नाकातोंडातला चिकट पडदा बोटानं ओढून काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, बरगड्यांवर गोणपाट घासायला लागली. मी त्याच्याकडे बघत होते आणि उसाकडे. दोन्हीकडे काहीच होत नव्हतं.

मग त्याला शिंक आली.

ट्रॉलीवर सगळी टोळी उभी राहून बघत होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं टाळी वाजवली. त्या वेळी उसातून पोपटांचा थवा उडाला, नदीच्या बाजूनं. कोयते हातात धरून माणसं त्या बाजूला बघत राहिली. काही दिसलं नाही. नंतर कुणी म्हणे, शेपूट दिसली. मला काही दिसलं नाही.

कालवड उठली, वळली आणि गोऱ्ह्याला चाटायला लागली. फुई माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुन्हा कागदमा काय लिखेल शे? चीक कवय पाजानं?”

मला वाटलं टोमणा आहे. मी हात गोणपाटाला पुसत राहिले.

“इचारी ऱ्हायनू ना तुले.”

“तासाभरात. वार पडायच्या आधी.”

फुईनं आयुष्यात कधी वार पडायच्या आधी वासराला आचळाला लावलं नव्हतं. तिनं गोऱ्ह्याला उचलून उभं केलं, तो पडला, पुन्हा उभं केलं, आचळ त्याच्या तोंडात पिळलं. पिवळा, घट्ट चीक त्याच्या हनुवटीवरून ओघळला. “तुन्हं समदं खोटं नही,” ती म्हणाली. “तूच खोटी शे.”



पुढच्या तासाभरात वार पडली. फुई पेंढा आणायला गेली नाही. तिनं टिकाव आणला. या वेळी वाड्याच्या आतच, आमच्या डोळ्यांसमोर, मी खणायला घेतलं. आधी पाणी ओतून जमीन मऊ केली, जे पहिल्या वेळी मला सुचलं नव्हतं किंवा सुचून कंटाळा आला होता. टोळीतले दोन पुरुष मदतीला आले तर फुईनं त्यांना हात करून थांबवलं. “तीच खंदी.”

चुन्याचा प्रश्न होताच. मुकादमानं खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी पुढे केली. मग दुसऱ्यानं. मग बायकांनी कनवटीतून. सात-आठ डब्या जमल्या, सगळ्या मिळून मूठभर चुना. “ताई, आता आम्ही उद्या तंबाखू कशाशी खायची?” ट्रॉलीवरून एक बाई ओरडली आणि सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर रडू. वडिलांनी डॉक्टरांना आता यायची गरज नाही असं कळवलं आणि मोटारसायकलवाल्या एका पोराला शहाद्याला पिटाळलं, तो गोणी घेऊन आला तेव्हा दिवस मावळत होता.

“उभी ऱ्हाय,” फुई म्हणाली.

मी खड्ड्यात उभी राहिले. मांडीपर्यंत आला होता. ती काठावर, काठी माझ्या कमरेला लावून. “अजून.”

खड्ड्यातून ऊस वेगळा दिसतो. माझे डोळे जमिनीपासून फार वर नव्हते. उसाची बुडं दिसत होती, त्यांच्यामधला काळोख दिसत होता. उजेड होता तोवर मी त्याच्याकडे तोंड करून खणत राहिले. हातातले फोड फुटले होते. फुई हलली नाही. ती त्या काळोखाकडे पाठ करून उभी होती, मला दिसेल अशी.

टोळी त्या दिवशी कोप्यांत झोपली नाही, आमच्या ओट्यावर आणि पडवीत झोपली. सकाळी वनखात्याची माणसं आली. उसाच्या पट्ट्यात पाचट दबून एक जागा झाली होती, माणूस कुशीवर निजेल एवढी, आणि तिथून पंजे नदीकडे गेले होते. कोप्यांपासून ती जागा मी पावलं टाकून मोजली. सतरा.

फुई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिसरी गाय व्याली, भर दुपारी, चरता चरता. ऊस तोपर्यंत संपला होता आणि सगळीकडे मोकळं दिसत होतं, तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं. मुकाट्यानं टिकाव घेतला, पाणी ओतलं, खणलं, चुन्याची गोणी जवळ ओढली आणि म्हणाले, “झाला.”

फुई वासराजवळून उठून आली. खड्ड्यात डोकावली.

“उतर मजार,” ती म्हणाली.

मी आत उतरले.